एक दात पुढे

१

आमची गाडी सकाळी चालू करताना स्टीलच्या डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखी वाजायची. थोडा वेळच, मग गप्प. मी म्हणायची, वाजू दे, सकाळी मीही अशीच वाजते. पण धम्मानंदला ते सहन होईना. तो हिंगण्याला एका कारखान्यात मशिनींच्या देखभालीचं काम बघतो. दुसऱ्याचं मशीन बिघडलं तर शांत असतो, स्वतःचं बिघडलं तर त्याला जेवण जात नाही. त्यानं बोनेटमध्ये कान घालून निदान केलं की टायमिंग चेन सैल झाली आहे. गॅरेजवाले अंदाजानं बसवतात, असं म्हणून त्यानं नागपूरच्या लकडगंज बाजारातून नवी चेन आणली आणि एका रविवारी घरापुढच्या टिनाच्या शेडखाली गाडीचं पोट उघडलं.

मला मदतनीस म्हणून घेतलं होतं, त्यामुळे आधी शिकवणी झाली. खालचं दातेरी चाक फिरलं की पिस्टन वरखाली होतात. वरच्या चाकामुळे झडपा उघडतात, मिटतात. दोघांना एका चेननं बांधलेलं असतं, म्हणजे कोणी कोणाच्या आधी पोचू नये. चेन एक दात जरी पुढे बसली तर सगळं आपापल्या जागी फिरत राहतं, फक्त वेळ चुकते, आणि एक दिवस उघड्या झडपेवर पिस्टन येऊन आदळतो. मी बी.एस्सी. फिजिक्स आहे. मला पहिल्या खेपेला कळलं नाही, मान मात्र हलवली.

माझ्याकडे पाना दिला. इंजिनच्या पहिल्या प्लगच्या भोकात त्यानं नूपुरचा, आमच्या अडीच वर्षांच्या मुलीचा, ज्यूसचा स्ट्रॉ उभा केला होता. मी खालचा बोल्ट हळूहळू फिरवायचा. आतला पिस्टन चढू लागला की स्ट्रॉ वर येतो. अगदी वर पोचला की थांबायचं, कारण खुणा तिथेच जुळवायच्या असतात. नूपुर पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून हे पाहत होती. स्ट्रॉ टोकाला आला की ती दोन्ही हात वर करून ओरडायची, "आला!"

एवढा अचूक गेज आमच्या कंपनीतही नाही, असं धम्मानंद म्हणाला.

२

चेनवरच्या रंगीत कड्या तेलात दिसेनात, म्हणून त्यानं माझं लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि दोन्ही चाकांवर ठिपके दिले. ठिपके समोरासमोर आले पाहिजेत. इंजिन कधीही उलटं फिरवायचं नाही, पुढे गेलं तर पूर्ण फेरा मारून परत यायचं, हे त्यानं सकाळपासून मला बजावलं होतं.

दुपारी ऊन शेडच्या टिनातून डोक्यावर ठोके देऊ लागलं. आतून आईंनी, म्हणजे मीराबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, जेवायला दुसऱ्यांदा आवाज दिला. आमच्याकडे तिसरा आवाज येत नाही, ताट झाकलं जातं. नेमक्या तेव्हा ठिपका केसभर पुढे गेला. धम्मानंदनं माझ्या हातातून पाना घेतला आणि तेवढं मागे ओढलं.

"उलटं चालत नाही म्हणालास ना?" (आईंसमोर मी त्याला अहो म्हणते, एकटे असलो की तू.)

"केसभर तर आहे. चाल, जेवण थंडं होऊन राहिलं."

ठिपके तंतोतंत जुळलेले होते. जेवून आल्यावर, इंजिन चालू करण्यापूर्वी हातानं फिरवून बघायचं राहिलं होतं. मी ओढणीला हात पुसत होते. पाना जमिनीवर होता. स्ट्रॉ पार खाली बसलेला होता.

"आला!" उंबऱ्यावरून नूपुर ओरडली. हात वर.

मी पाना लावला, फिरवला. स्ट्रॉ हळूहळू चढला आणि टोकाला पोचला. तेव्हा ती गप्प बसून आपल्या पायाचा अंगठा बघत होती.

आम्ही दोघंही हसलो. संध्याकाळी गाडी चालू केली तेव्हा तिचा आवाज इतका मऊ होता की धम्मानंदनं डोळे मिटून घेतले.

३

पुढे जे लिहिते आहे त्याला माझ्या स्वभावाचा आधी दाखला जोडते. नूपुर झाल्यापासून मी बालरोगतज्ज्ञांकडे इतक्या वेळा गेले आहे की त्यांची कंपाउंडर मला पाहून आधी पंखा लावते आणि मग नाव न विचारता कार्ड काढते. शिंकेला मी न्यूमोनिया म्हटलेलं आहे. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवण्याची घाई कोणी करू नये. मीही केली नव्हती.

दुपारची वेळ होती. खोलीत कूलर घरघरत होता, त्याच्या टाकीत पाणी टपटपत होतं, आई आत लवंडल्या होत्या. नूपुर एकदम कळवळून रडायला लागली. मी धावले. ती खोलीच्या मधोमध, कशापासूनही दूर, उजवा कोपर धरून उभी होती. कोपर पाहिला, काही नाही. मी तिला उचललं, वळले, आणि तिचा तोच कोपर दाराच्या कडीवर सणकून आदळला.

तेव्हा ती रडली नाही. तोंडात बोट घालून माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मी स्वतःला समजावलं की आधी मुंगी चावली असेल. दुसऱ्या दिवशी ती "आजी आली" म्हणाली आणि मग फाटक वाजलं. मुलांचे कान तीक्ष्ण असतात. तिनं रिकामं तोंड उघडून चावायला सुरुवात केली, मग मी घास भरवला. भूक लागली असेल. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक कारण होतं, आणि ते कारण मला पटत होतं. फक्त इतकी कारणं लागावीत, हे पटत नव्हतं.

४

हे कोणाला सांगायचं? आईंच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातले सगळे देव एका टोपलीत भरून कन्हान नदीच्या पाण्यात सोडले होते. ती गोष्ट आई आजही अशी सांगतात की टोपली त्यांनीच डोक्यावर वाहिली होती, आणि तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. आमच्या गाडीला लिंबू-मिरची लागत नाही. आमच्या पोरीची दृष्ट काढली जात नाही. मला याचा अभिमान आहे, सून म्हणून नाही, खराच. पण दुसऱ्या घरात कोणीतरी मीठ-मोहऱ्या तरी ओवाळल्या असत्या. उपयोग काही झाला नसता, तोंड उघडायला निमित्त झालं असतं. आमच्याकडे या गोष्टीला शब्दच नव्हता.

तरी मी धम्मानंदला सांगितलं, कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. गाडी जितकी चाले, तितकं नूपुरचं पुढे जाणं वाढे. तो रोज हिंगण्याला गाडी नेऊ लागला तसं सुरुवातीचं क्षणभराचं अंतर वाढत गेलं. एकदा लांब मौद्याला मित्राकडे जाऊन आला, त्यानंतर तिच्या रडण्यात आणि पडण्यात मला घरातला सगळा स्वयंपाक उरकून होईल एवढा वेळ मिळायला लागला.

मला वाटलं होतं तो माझी थट्टा करील. त्यानं केली नाही. त्याला वेगळंच लागलं.

"म्हणजे मी चेन चुकीची बसवली, असं म्हणून राहिली तू?"

मी नाही म्हटलं. तो बोनेट उघडून पाहून आला. मग म्हणाला की तुझ्या समाधानासाठी काही दिवस कंपनीच्या बसनं जातो. आईंना कारण पेट्रोलचं सांगितलं. त्या मला म्हणाल्या, लेकरू अंदाज बांधायले लागलं की आयाच घाबरतात, हुशार आहे वं पोरगी.

गाडी थांबली आणि अंतर वाढायचं थांबलं. मला झोप लागू लागली. मी मूर्ख आहे असं मला वाटू शकत होतं, आणि ते फार सुखाचं होतं.

५

शनिवारी सकाळी नूपुर स्वयंपाकघरात उजवा तळहात पुढे धरून किंचाळली. भाजल्याचं रडणं वेगळं असतं, आईला ते सांगावं लागत नाही. तळहात थंड होता, स्वच्छ होता, बोटांत कणीक होती.

या वेळी मी पळाले नाही. मी विचार केला. मी गॅस बंद करून सिलिंडरचं बटण फिरवलं. इस्त्री कपाटावर टाकली. आईंनी नुकत्याच भाकरी उतरवल्या होत्या, तो लोखंडी तवा सांडशीनं धरून मागच्या अंगणात नेला आणि कपडे धुण्याच्या दगडामागे, जिथे कोणी जात नाही तिथे, जमिनीवर ठेवला. आता घरात भाजेल असं काहीही उरलं नव्हतं. आई चहाला गॅस लावू म्हणाल्या तर मी त्यांच्याशी भांडले. चहासाठी भांडणारी सून म्हणून त्यांनी धम्मानंदला हाक मारून माझी तक्रारही केली.

नूपुरला मांडीवर घेऊन मी कूलरपुढे बसले. खरं सांगायचं तर माझी मलाच मी हुशार वाटत होते. एखाद्या आईला अशी सूचना मिळते का? ती झोपली. मीही डोळे मिटले.

जाग आली तेव्हा मांडी रिकामी होती. मागचं दार उघडं होतं, ऊन आत पसरलं होतं. मी आधी स्वयंपाकघरात पाहिलं, गॅसजवळ. नंतर अंगणात.

ती दगडामागे उकिडवी बसली होती. शेजारी मांजराचं पिल्लू होतं, त्याच्यामागे आली असावी. तवा मी ठेवला तेव्हा जितका गरम होता त्याहून आता जास्त होता. नागपूरच्या मे महिन्याला चूल लागत नाही, हे मला कळायला हवं होतं. तिचा उजवा तळहात तव्यावर सपाट टेकलेला होता.

ती रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं. ती पिल्लाशी बोलत होती आणि हात तसाच होता, कारण तो काढायला सांगणारं जे काही असतं ते तिच्याकडे सकाळीच येऊन गेलं होतं.

मी हात ओढून काढला. त्याचा आवाज मी लिहीत नाही.

"गाडी काढा," मी ओरडले. मीच ओरडले.

६

दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. मेट्रोच्या खांबांमधून, सिग्नलवरून, गाडी मऊ आवाजात धावत होती आणि मागच्या सीटवर मी तिचा हात वर धरून बसले होते. पट्टी बदलायला रोज जावं लागलं. रोज गाडीनं. बसनं जाऊ म्हटलं तेव्हा आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घातल्या आणि सीटवर जाऊन बसले.

जखम भरत आली. नूपुर हाकेला ओ देईनाशी झाली. ती खेळायची, हसायची, पण आमच्या कशालाच नाही.

मग ती दुपार. ती झोपेतून उठून बसली. मी पलंगावर तिच्या शेजारीच होते.

"आई?" ती म्हणाली.

"काय वं बाई?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या दिशेनं पाहिलं. मग ती खाली उतरली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून न्हाणीघरात. पडद्यामागे पाहिलं. पलंगाखाली वाकून पाहिलं. "आई? आई?" मी प्रत्येक खोलीत तिच्याबरोबर फिरले. मी इथे आहे, मी इथे आहे, असं म्हणत होते, आधी हळू, मग मोठ्यानं. तिच्यासमोर गुडघे टेकून तिचे खांदे धरले. तिनं धरू दिले, जसं आपण गर्दीत कोणाचा धक्का लागू देतो. तिची नजर माझ्या छातीतून आरपार फाटकावर लागलेली होती.

शेवटी ती आईंच्या रिकाम्या खाटेपाशी गेली. आई तेव्हा भाजी आणायला बाहेर गेल्या होत्या. तिनं खाटेकडे तोंड वर करून विचारलं, "आई कुठं गेली?"

मग ती ऐकत राहिली. बराच वेळ. एकदा मान हलवली. पुन्हा ऐकलं. आणि रडायला लागली, पण लागल्याचं, पडल्याचं, भाजल्याचं नाही. तसं रडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

आधी मला काय वाटलं? हायसं वाटलं. इतके दिवस मला तिचं काय होणार हीच धास्ती होती. ती तर होती. तिथे, पुढे, ती शाबूत होती, शोधत होती. नव्हते ती मी.

हे हायसं वाटणं फाटक वाजेपर्यंत टिकलं. आई आत आल्या, पिशवी खाली ठेवली, आणि आपल्या खाटेशी रडणाऱ्या नातीकडे पाहत उभ्या राहिल्या.

७

रविवारी धम्मानंदनं इंजिन पुन्हा उघडलं. नूपुर मला शोधते, हे त्यानंही आता पाहिलं होतं. मला वाटलं होतं की चूक सापडेल, आणि मला वाटत होतं की ती त्याची असावी.

त्यानं पाना फिरवला. प्लगच्या भोकातून स्ट्रॉ चढला, टोकाला थांबला. त्यानं टॉर्च धरला आणि मला वाकायला सांगितलं. नेलपॉलिशचे लाल ठिपके समोरासमोर होते. चेन ताणलेली होती. नख जाईल एवढाही फरक नव्हता.

"पाहून घे," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "बरोबर आहे. सगळं बरोबर आहे."

"एक दात सरकव."

"झडपा वाकतील. इंजिन खलास होईल."

"होऊ दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खरोखरच चेन ताणून धरणारा टेन्शनर मागे दाबला, चेन वरच्या चाकावरून उचलली. त्याचे हात काळे झाले होते. चेन हातात धरून तो थांबला.

"कोणत्या बाजूनं?" त्यानं विचारलं.

मी लाल ठिपक्यांकडे पाहिलं.

"मिनल, पुढं का मागं? उलट्या बाजूनं सरकली तर हे आहे त्याच्या दुप्पट होईल. सांग. तू सांग."

शेजारचे भैय्याजी फाटकापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले की घरी कशाले करत बसता, चौकात चांगला मेकॅनिक आहे. आम्ही दोघांनी त्यांना हो म्हटलं. ते गेल्यावरही मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. त्यानं चेन काढून रॉकेलच्या डब्यात ठेवली, हात धुतले आणि आत गेला. गाडी तशीच उघडी उभी आहे. वरचं चाक आणि खालचं चाक आता कशानंच बांधलेलं नाही.

८

मला वाटलं होतं, गाडी थांबली म्हणजे तेही थांबेल. मागच्या वेळी थांबलं होतं. या वेळी नाही थांबलं.

धम्मानंदनं माझ्या सगळ्या तपासण्या करवल्या. रक्त, छाती, हृदय, डोकं. सगळं उत्तम. मी जिन्यावरून कठडा धरून उतरते, रस्ता ओलांडत नाही. तवा ठेवल्याची आठवण आहे, त्यामुळे काळजी घेतानाही घाबरते. कोणती काळजी मला मारील हे मला माहीत नाही.

आईंनी अजूनही मरणाचा शब्द काढलेला नाही. त्या फक्त एकदा माझ्याजवळ येऊन बसल्या, पदरानं चेहरा पुसला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुले कुठं दुखून-खुपून राहिलं असंन तं सांग वं माय. लपवू नको."

मी म्हटलं, काही दुखत नाही.

त्यांनी मान हलवली. त्या रात्रीपासून त्या नूपुरला आपल्याजवळ झोपवतात. मी काहून म्हणून विचारलं, तर माझी उशी नीट करत म्हणाल्या, "तिले सवय पाहिजे." त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. घरात उद्याच्यासाठी पाणी भरून ठेवावं, तसं होतं ते.

नूपुर आता मला शोधत नाही. आधी मला वाटलं, बरं झालं, परत आली. मी हाक मारली. ती आली नव्हती. तिचं शोधून झालं होतं, एवढंच.

आज दुपारी ती अंगावर उन्हाची तिरीप घेऊन जमिनीवर बसली होती. कूलर बंद होता, वीज गेली होती, घरात माझ्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. ती एकदम उठली. आनंदानं, हसत, दाराकडे धावली.

"आई!"

मी तिच्या मागे, भिंतीपाशी होते. दारात कोणी नव्हतं. तिनं हनुवटी वर केली, माझ्याकडे पाहताना करते त्याहून बरीच वर, आणि कोणाच्या तरी हातात काहीतरी दिलं. मग येऊन पलंगाच्या कडेला बसली, दाराकडे पाठ करून, मान ताठ, हात मांडीवर. तिचं डोकं थोडंसं मागे ओढलं गेलं. परत सरळ झालं. परत थोडंसं मागे. कोणीतरी हळू हातानं गुंता सोडवावा तसं.

बराच वेळ. माझ्याकडे ती एवढा वेळ कधी बसलेली नाही.

"घट्ट नको ना, आई," ती म्हणाली. सगळी अक्षरं स्पष्ट होती. आवाज तिचा होता, पण खाली उतरलेला.

मग तिनं उजवा हात मागे नेला, भाजल्याचा डाग असलेला हात, आणि खांद्यावरून काहीतरी पुढे घेतलं. ते मांडीवर ठेवून ती त्याचं टोक बोटाला गुंडाळत, उलगडत बसली. दुसऱ्या हातानं तिनं ते वरून खालपर्यंत, कमरेच्याही खालपर्यंत, एकदा मायेनं सारखं केलं.

नूपुरचे केस अजून मानेलाही टेकलेले नाहीत.